टोमॅटोचं बूड काळं पडतंय? औषध मारण्याआधी पाण्याचा हिशेब बघा

गच्चीवरचा पहिला टोमॅटो लाल झाला त्या दिवशी मी वाटीत मीठ घेऊनच वर गेले होते. झाडाखालीच उभं राहून खायचा, असा बेत. हलकेच पीळ देऊन तोडला, उलटा केला, तर बुडाशी रुपयाच्या नाण्याएवढा काळा, दबलेला, चामड्यासारखा चट्टा. मग वाकून बाकीच्या फळांची बुडं चाचपली. पहिल्या घोसातल्या पाच फळांपैकी चार तशीच निघाली, हिरवी असतानाच. पुढे कळलं की बूड खराब झालेलं फळ इतरांच्या आधी रंग धरतं. म्हणजे जे लवकर पिकलं म्हणून मी खूश होते, ते बिचारं दुखण्यानेच लाल झालं होतं.

असं ओळीने तीन वर्षं झालं. वाण कोणता म्हणाल तर अर्का रक्षक. बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला असलेल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा हा संकरित वाण. पर्णगुच्छ विषाणू (पानं आक्रसवणारा बोकड्या), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो दाद देत नाही. फळ नव्वद ते शंभर ग्रॅमचं, चौकोनी वळणाचं गोल, घट्ट, आणि तोडल्यावर पंधरा दिवस तरी टिकणारं. मी नोकरी करते, आठवड्याला फवारणी करत बसायला वेळ नाही, म्हणून मुद्दाम हाच निवडला. त्याने शब्दही पाळला. शेजारच्या गच्चीवर कुठल्याशा पाकिटातल्या बियांची झाडं बोकड्या येऊन मुठीएवढी आक्रसली, तेव्हा माझी झाडं हिरवीगार उभी होती.

फक्त फळांची बुडं काळी होती. आणि माझा गैरसमज असा, की रोगाला दाद न देणारा वाण आहे म्हटल्यावर हेही व्हायला नको. बूड काळं पडणं हा मुळात रोगच नाही, त्यात बुरशी, जिवाणू, विषाणू काही नसतं, हे समजायला तीन हंगाम गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. वाण दुसरा असला तरी गोष्ट तीच आहे.

आधी तेच आहे ना, ते बघा

फळ उलटं करा. देठाच्या बरोब्बर विरुद्ध टोकाला, जिथे फुलाचा वाळका कोंब चिकटलेला असतो, तिथेच डाग सुरू झालाय का? सुरुवातीला तिथे पाणी मुरल्यासारखा ठिपका दिसतो. फळ तेव्हा लिंबाएवढं किंवा त्याहूनही लहान असतं. फळ वाढतं तसा ठिपका पसरतो, तपकिरी होतो, मग काळा, खोलगट आणि कोरडा. बोटाने दाबलं तर चामडं लागतं, चिकट पाणी येत नाही, घाण वास येत नाही. पुढेमागे त्यावर काळपट बुरशी बसते आणि तीच बघून आपण बुरशीनाशक आणायला धावतो. ती नंतर आलेली असते. पडक्या घरात कुणीही बिऱ्हाड करतं, तसं.

कधीकधी बाहेरून फळ धड असतं आणि कापल्यावर आत बुडाकडचा गाभा काळा निघतो. तेही हेच.

बाजूला किंवा देठाजवळ गोल भोक आणि भोकाशी विष्ठा दिसली तर ती फळ पोखरणारी अळी. उन्हाच्या अंगाला पांढरट, कागदासारखा पातळ चट्टा असेल तर ऊन भाजलंय, बहुतेक वेळा पानं जास्त छाटल्यामुळे. पावसाळ्यात मातीला टेकलेल्या फळावर तपकिरी वर्तुळात वर्तुळं उमटली तर ती खरी बुरशीची सड, तिथे फळं जमिनीपासून उचलून बांधायला हवीत. देठाभोवती तडे जाणं वेगळं, पण ते या काळ्या बुडाचं चुलतभावंड आहे, कारण दोघांचं मूळ बऱ्याचदा पाण्याच्या धरसोडीत असतं.

मी काय काय करून बसले

पहिल्या वर्षी कृषी सेवा केंद्रात फळ घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने लांबूनच बघितलं आणि "बुरशी हाय मॅडम" म्हणून एक पुडी हातात दिली. आठ-आठ दिवसांनी तीन फवारण्या केल्या. तिसऱ्या फवारणीनंतर आलेले घोस चक्क स्वच्छ निघाले. मी त्या पुडीचं नाव भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलं.

इथेच खरी मेख आहे. हा त्रास बहुतेक वेळा पहिल्या, फार तर दुसऱ्या घोसाला होतो आणि पुढे आपसूक कमी होतो. झाड तोवर मुळं पसरतं, पानं-फळांचं गणित जमतं. त्यामुळे पहिला घोस खराब झाल्यावर तुम्ही काहीही केलंत, ताक ओतलंत, हळद टाकलीत, झाडाची दृष्ट काढलीत, तरी तिसरा घोस बरा येण्याची शक्यता चांगली असते. आणि श्रेय ताकाला जातं. या एका त्रासावर प्रत्येक बागवाल्याकडे स्वतःचा रामबाण उपाय का असतो, ते मला तेव्हा उमगलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला कुणीतरी सांगितलं, कॅल्शियम कमी पडतंय, अंड्याची टरफलं घाल. जूनपासून टरफलं साठवली, वाळवली, मिक्सरवर दळली. सासूबाईंनी मिक्सरचं ते भांडं कायमचं बागेला देऊन टाकलं. झाडं लावलेल्या प्रत्येक पिशवीला दोन-दोन मुठी पूड घातली. पहिला घोस पुन्हा काळा. टरफल म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या रानातल्या चुनखडीचाच भाऊ. तो विरघळायला आम्लधर्मी माती आणि बराच काळ लागतो, आणि आपल्या दख्खनच्या मातीचा कल उलट बाजूला. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत फावडं मारलं तर चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. तिथे टरफलांची पूड म्हणजे समुद्राला मीठ विकणं. टरफलं फुकट जात नाहीत, कंपोस्टमध्ये जरूर टाका. फक्त डिसेंबरच्या टोमॅटोसाठी ऑक्टोबरात घातलेली टरफलं कामाला येतील ही आशा सोडा.

तिसऱ्या वर्षी मी पुरती हुशार झाले होते. पानांवर कॅल्शियमची फवारणी आणि सोबतीला एप्सम सॉल्ट, कारण एका व्हिडिओत बाईंनी अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या वर्षी सगळ्यात जास्त फळं गेली. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम, पोटॅश आणि अमोनियम ही मंडळी मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतात. ती जास्त झाली की कॅल्शियम आत शिरायचं कमी होतं. केळीच्या सालीचं पाणीही पोटॅशचंच. म्हणजे मी दारात गर्दी करून ठेवली होती आणि वर विचारत होते, पाहुणे का येत नाहीत.

दादाच्या रानातली तीच रोपं

उलगडा झाला तो गावी. दरवर्षी रोपवाटिकेतून पन्नास रोपांचा ट्रे आणायचे, बारा रोपं साताऱ्यात गच्चीवर, बाकीची कोरेगाव तालुक्यात दादाच्या रानात. एकाच ट्रेतली, एकाच दिवशी, दसऱ्यानंतर लावलेली. दादाने टरफलं घातली नाहीत, कॅल्शियम फवारलं नाही, आणि त्याच्या फळांची बुडं आरशासारखी.

तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला. गच्चीवर फिरला, एक पिशवी एका हाताने सहज उचलली आणि म्हणाला, "आगं, ही पिशवी हाय का चहाचा कप? येवढ्याशा मातीत मूळ राहणार कुठं आन् पाणी थांबणार कुठं?"

मी म्हटलं, "दादा, रोज बादलीभर पाणी घालते मी."

"रोज? आन् शनवार-रविवार तू आमच्याकडं जेवायला असतीस, तवा कोण घालतंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी पाणी घालून मी एसटीत बसायचे ती सोमवारी पहाटे परत. रविवारी दुपारी झाडं मान टाकत असणार. सोमवारी सकाळी धो धो पाणी घालायचे, संध्याकाळी झाडं ताठ, आणि मला वाटायचं, काही बिघडलं नाही. पानं सावरतात, खरंच. पण त्या दोन दिवसांत जी फळं लिंबाएवढी होऊन झपाट्याने फुगायच्या बेतात होती, त्यांच्या बुडाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. डाग मात्र दिसतो काही दिवसांनी, तोवर आपण शनिवार-रविवार विसरलेलो असतो.

तो गेल्यावर मी सगळी काळी फळं तोडून कठड्यावर मांडली. जवळजवळ सगळी एका मापाची. त्यांच्याहून मोठी फळं स्वच्छ, त्यांच्याहून लहानही स्वच्छ. दोन-तीन आठवड्यांपूर्वी आम्ही सलग चार दिवस गावी होतो. तेव्हा जी फळं नाजूक वयात होती, नेमकी तीच गेली होती. घोस म्हणजे झाडाची डायरी असते हे तेव्हा कळलं. तुमच्याकडेही काळी फळं सगळी एकाच आकाराची असतील, तर दोन-तीन आठवडे मागे जा आणि आठवा, तेव्हा काय झालं होतं. लग्नाला गेला होतात? मोटार बिघडली होती? अवकाळी पाऊस होऊन पिशव्या तुंबल्या होत्या?

मग पिशव्यांचं माप काढलं. नऊ इंच व्यास, नऊ इंच उंची. काठोकाठ भरली तरी त्यात नऊ-साडेनऊ लिटर माती बसते, आणि झाडाला खरोखर ओढता येईल असं पाणी त्यातलं थोडंच. फळांनी लगडलेलं झाड चांगल्या उन्हात दिवसाला दोन लिटर सहज पितं, मार्चमध्ये त्याहून जास्त. वर गच्चीची तापलेली फरशी आणि साताऱ्याचा वारा. म्हणजे सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत संपत होतं आणि मी आठवड्यातून दोन दिवस कुलूप लावून जात होते. दादाच्या रानात मूळ दोन फूट खाली जातं, तिथे एक दिवस वीज नसली तरी झाडाला पत्ता लागत नाही.

कॅल्शियम जातं कुठे

हे थोडं समजून घेतलं की बाकीचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

मातीतलं कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतं आणि पाणी जिकडे ओढलं जातं तिकडेच जातं. पाणी ओढण्याचं काम करतात पानं, कारण त्यांच्यातून सतत बाष्प बाहेर पडतं. फळाची साल मेणचट, त्यातून फारसं पाणी उडत नाही, त्यामुळे फळाकडे येणारा हा प्रवाह मुळातच बारीक. त्यात बूड म्हणजे देठापासून सगळ्यात लांबचं टोक. कॅनॉलच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, जमीन असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी कमी सुटलं की वरचे लोक भिजवून घेतात आणि टेलला नुसता ओला गाळ येतो. कॅल्शियम पेशींच्या भिंती बांधायला लागतं. फळ फुगतंय आणि टेलला कॅल्शियम पोचत नाही, की तिथल्या पेशी ढासळतात. तोच तो काळा डाग.

पानांवर कॅल्शियम फवारून उपयोग का झाला नाही, तेही यातच आलं. पानात गेलेलं कॅल्शियम तिथेच बसतं, उठून फळाकडे चालत जात नाही. आणि युरिया घातला की का बिघडतं? एक तर अमोनियमची स्पर्धा, दुसरं म्हणजे पाला माजतो आणि वरच्या लोकांचं, म्हणजे पानांचं, पाणी ओढणं आणखी वाढतं.

म्हणजे कॅल्शियम कमी असतं हे खरं, पण बहुतेक वेळा मातीत नव्हे, वाटेत.

आत्ता झाडावर फळं असतील तर

काळी फळं तोडा. डाग भरून येत नाही आणि झाड उगाच त्यांना पोसत राहतं. अर्ध्याहून जास्त फळ चांगलं असेल आणि सड आत शिरली नसेल, तर डाग खोलवर कापून उरलेलं आमटीत, चटणीत चालतं, त्यात विषारी काही नाही. बुरशी चढलेलं मात्र टाकाच.

मग बोट मातीत दोन पेरं घाला. वर कोरडं आणि आत ओलसर, हे ठीक. आतही कोरडं असेल तर पाणी एकदम ओतू नका. कोरडी माती, त्यातून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाणी धरतच नाही, ते कडेने निसटून खालून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं. अर्धा लिटर घाला, दहा मिनिटं थांबा, मग बाकीचं. उलट आत चिखल असेल आणि खालची भोकं बुजली असतील तर ती मोकळी करा. तुंबलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात आणि गुदमरलेलं मूळ भर पाण्यात असूनही पाणी ओढत नाही. जास्त पाण्यानेही बूड काळं पडतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

मातीवर आच्छादन पसरा. आमच्याकडे उसाचं पाचट मिळतं, चार बोटं जाड थर देते. वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, काहीही चालेल. एवढ्या एका गोष्टीने पिशवी दुपारी किती थंड राहते, ते हात लावून बघा.

युरिया, एप्सम सॉल्ट, केळीचं पाणी पंधरा दिवस बंद. खुरपणीही बंद, वरवरची मुळं तुटतात.

एवढं करूनही त्या पंधरवड्यात आणखी दोन-चार काळी फळं निघतील. त्यांचं नशीब आधीच ठरलेलं असतं, घाबरून नवा उपाय सुरू करू नका. बघायचं ते नव्या, सुपारीएवढ्या फळांकडे.

पुढच्या लावणीला

पिशवी मोठी घ्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मी आता पंधरा इंच व्यासाची, पंधरा इंच उंचीची वापरते. वर दोन-तीन इंच सोडून भरली तरी पस्तीस लिटरच्या आसपास माती बसते. बाराच्या जागी आठ झाडं झाली आणि टोमॅटो आधीपेक्षा जास्त निघाले. रंगाचे वीस लिटरचे डबे चालतात, त्याखाली उतरू नका. निळा ड्रम अर्धा कापून मिळाला तर सोन्याहून पिवळं, मात्र भोकं भरपूर पाडा.

आणि इथे कोकोपीटचं एक बघा. वर आपल्या मातीत चुना भरपूर म्हटलं, पण गच्चीवर आपण माती भरतो कुठे? वजनाच्या भीतीने निम्म्याहून जास्त कोकोपीट भरतो. त्यात कॅल्शियम नावापुरतं, पोटॅश आणि मीठ भरपूर, शिवाय बाहेरून दिलेलं कॅल्शियमही ते आधी स्वतःकडे धरून ठेवतं. अशा पिशवीत खरोखरची कमतरता होऊ शकते. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या पिशव्यांत साठ टक्के कोकोपीट होतं, तेव्हा त्या वर्षीचं पाप सगळं शनिवार-रविवारच्या माथी मारणं बरोबर नाही.

आता मी पाच किलोची वीट आधी साध्या पाण्याने दोनदा धुते. मग पाण्यात शंभर ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर भिजत ठेवते, सकाळी पुन्हा एकदा धुते. आणि मिश्रणात त्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्यावर नेत नाही. बाकी गाळाची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. भरताना पिशवीला दोन मोठे चमचे जिप्सम टाकते. जिप्सम मातीचा आम्ल-विम्लपणा फारसा न हलवता कॅल्शियम देतं. खायचा चुना मात्र घालू नका, आधीच चुनखडीच्या मातीत आणखी चुना गेला की लोह-जस्त अडकतं आणि पानं पिवळी पडतात.

फुलोऱ्यापासून दर दहा दिवसांनी लिटरला एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटची आळवणी करते, झाडाला एक लिटर. हे पानांवर न मारता मुळाशी द्यायचं, आणि एकटंच द्यायचं. एकोणीस-एकोणीस (१९:१९:१९ हे विरघळणारं खत) किंवा एप्सम सॉल्टबरोबर त्याच बादलीत कालवलंत तर पाणी दुधासारखं गढूळ होऊन तळाशी साका बसतो, दोन्ही वाया. डबा घट्ट बंद ठेवा. हवेतला ओलावा ओढून ते पावसाळ्यात पाक होतं, माझा पहिला किलो असाच वाहून गेला. जमिनीत लावणाऱ्यांनी या भानगडीत पडायचं कारण नाही, दादाकडे बघा.

आता शनिवार-रविवारचं. एका वर्षी प्रत्येक पिशवीत दोन लिटरचं कच्चं, न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि वर परळ झाकला. शुक्रवारी भरून गेलं की सोमवारी मडकं रिकामं आणि माती ओलसर. उत्तम चालतं, फक्त पिशवी रुंद हवी आणि मडकं रोपाच्या आधी पुरायला हवं, नंतर खड्डा केला तर मुळं तुटतात. पुढच्या वर्षी कठड्यावर दोनशे लिटरचा ड्रम, बॅटरीवरचा टायमर आणि ठिबकच्या नळ्या बसवल्या. एक सांगते, टायमर घेताना ड्रमच्या कमी दाबावर चालणारा आहे ना, विचारून घ्या. काही टायमर नळाचा दाब असल्याशिवाय उघडतच नाहीत. ड्रिपरवर तासाला दोन लिटर लिहिलेलं असतं, तेही ड्रमच्या दाबावर पडत नाही. प्रत्येक ड्रिपरखाली बाटली ठेवून अर्ध्या तासात किती साठलं ते मोजा आणि मग वेळ लावा. नोव्हेंबर-डिसेंबरात झाडाला दीड लिटर, फळं लागल्यावर दोन, फेब्रुवारीच्या शेवटापासून तीन लिटर सकाळ-संध्याकाळ वाटून, असं माझं चालतं. तुमची गच्ची सावलीत असेल तर कमी लागेल, बोट घालून ठरवा.

राहिलेल्या शंका

बी धरून ठेवू का? अर्का रक्षकचं नको. संकरित वाणाचं धरलेलं बी पुढच्या पिढीत फुटतं, काही झाडं आईवर जातात, काही कुणावरच नाही, आणि रोगाला दाद न देण्याचा गुण सगळ्यांत उतरेलच असं नाही. माझ्या भावजयीने हौसेने बी धरलं होतं, पुढच्या वर्षी निम्म्या झाडांना बोकड्या. दरवर्षी नवं बी किंवा रोप घ्यायचं.

पानं छाटायची का? मातीला टेकणारी खालची पानं काढा, बाकी हात आवरा. दोन बांबू आणि सुतळी मात्र हवीच, फळांच्या वजनाने फांदी मोडते.

एवढी सगळी उस्तवार नकोच असेल तर? मग चेरी टोमॅटो लावा. लहान फळाला हा त्रास क्वचितच होतो, उलट लांबट फळांच्या जातींना जास्त. चेरीला पाण्याची धरसोड झाली तर तडे जातात, पण तडकलेला चेरी टोमॅटो मुलं झाडाखालीच संपवतात.

यंदा आठ झाडांवर पूर्ण हंगामात नऊ काळी फळं निघाली. त्यातली सात एकाच कोपऱ्यातल्या दोन झाडांची. टायमर चालू, ड्रम भरलेला, नळी जागेवर. शेवटी ड्रिपर काढून बघितला तर आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार भोकात बसला होता आणि थेंबाला थेंब लागत नव्हता. रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकून ठेवला, सुईने टोचला, सुरू झाला. तेव्हापासून दर शुक्रवारी बॅग भरायच्या आधी वर जाऊन आठही ड्रिपर गळतायत का ते बघते, मगच स्टँड गाठते.